क्रिल तेलाच्या साठ गोळ्या आणि लेबलावरचा पेंग्विन

क्रिल म्हणजे अंटार्क्टिकाच्या समुद्रातला, जवळ्यासारखा दिसणारा बारीक जीव. त्याच्या तेलाची ही बाटली आमच्या सुनेने पुण्यातून ऑनलाइन मागवून रत्नागिरीच्या पत्त्यावर पाठवली. साठ गोळ्या, प्रत्येकी ५०० मिलिग्रॅम, रोज दोन घ्यायच्या. म्हणजे महिन्याभराचा खुराक, किंमत १,८५० रुपये. ह्यांचं ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, जरा वर आलं होतं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि तळलेलं कमी करायला सांगितलं. गोळ्यांचं सुनेने वाचून ठरवलं. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. अशा आणखी चार बाटल्यांची लेबलं मी दुकानात उभी राहून वाचली, मजकूर उन्नीस-बीस तोच. तेव्हा हा अभिप्राय सगळ्यांनाच लागू समजा.

आधी घेणाऱ्याच्या कामाचं सांगते. गोळी गडद लाल, डाळिंबाच्या दाण्यासारखी चकचकीत, माशाच्या तेलाच्या गोळीपेक्षा लहान, गिळायला त्रास नाही. झाकण उघडलं की वास येतो. ह्यांनी पहिल्याच दिवशी नाक मुरडलं, "अगं, हा तर सुक्या जवळ्याचा वास!" आमच्या घरात ही काही तक्रार नव्हे. पण सुनेच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये बाटली फ्रिजात ठेवावी लागली असती आणि मग दूधसुद्धा हलवावं लागलं असतं. ढेकर येतात, पण माशाच्या तेलापेक्षा कमी. जेवणानंतर घेतली तर जवळजवळ नाहीतच.

दोन गोळ्यांत मिळून ईपीए १२० आणि डीएचए ६० मिलिग्रॅम, असं लेबल सांगतं. ही दोन्ही ओमेगा-३ नावाची, माशाच्या तेलात असते ती चरबी. शेजारीच माशाच्या तेलाची बाटली होती. तिच्या एकाच गोळीत १८० आणि १२०, आणि किंमत क्रिलच्या तिसऱ्या हिश्श्याची. कंपनीचं म्हणणं असं, की क्रिलमधलं ओमेगा-३ फॉस्फोलिपिड नावाच्या दुसऱ्या एका चरबीला बांधलेलं असतं म्हणून अंगी जास्त लागतं. तसं दाखवणारे प्रयोग झालेत, पण फरक केवढा यावर जाणत्यांचं एकमत नाही. महिन्याने रक्त तपासलं, आकडा खाली आला होता. पण त्याच महिन्यात हे रोज मांडवीच्या जेट्टीपर्यंत चालत गेले आणि वडापाव सोडला. श्रेय कुणाच्या पदरात घालायचं ते तुम्ही ठरवा. ज्यांना कोळंबी सोसत नाही त्यांनी या गोळीला हात लावू नये, आणि रक्त पातळ करायचं औषध चालू असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. लेबलावर हे लिहिलंय, पण मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.

हे सगळं झालं गोळीचं. मला बोलायचंय ते बाटलीबद्दल.

बाटलीवर निळा बर्फ, पांढरा हिमनग आणि पुढे एक पेंग्विन उभा. खाली लिहिलंय, "अंटार्क्टिकाच्या निर्मळ पाण्यातून, शाश्वत स्रोत." आता हा पेंग्विन ज्यावर जगतो तोच क्रिल पिळून हे तेल काढलेलं आहे. दुधाच्या पिशवीवर वासराचं चित्र छापतात, त्यातलाच हा प्रकार. वासरू बिचारं हसत असतं.

मी इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत २९ वर्षं सहायक होते. शिकवणं सरांकडे, बाटल्या माझ्याकडे. फॉर्मॅलिन बदलायचं, लेबलं डकवायची, भाट्याच्या खाडीत पोरांबरोबर प्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांचं, जाळं ओढायचं, बादलीतलं पाणी गाळून स्लाइड करायच्या. आमचा एक जुना विद्यार्थी पुढे गोव्याला गेला आणि तिथून अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर जाऊन आला. वास्कोला हेडलँड सडा इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. आणि भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१च्या डिसेंबरात निघाली तीही गोव्याहूनच. तिचे प्रमुख डॉ. कासिम स्वतः समुद्रजीवशास्त्राचे माणूस. तर या पोराने येताना कॉलेजच्या संग्रहालयासाठी दोन बाटल्या आणल्या. एकीत क्रिल, दुसरीत सॅल्प.

क्रिल पाहून सगळ्या पोरी एका सुरात म्हणाल्या, "मॅडम, हा तर मोठा जवळा!" दिसतो तसाच, पण नातं लांबचं आहे. जवळा कोळंबीच्या गोतातला, क्रिलचं कूळ वेगळं. कोळंबीचे कल्ले पाठीच्या कवचाखाली झाकलेले असतात. क्रिलचे उघड्यावर, झालरीसारखे लोंबतात. शिवाय त्याच्या अंगावर उजेडाचे बारीक दिवे असतात. पूर्ण वाढला की ६ सेंटिमीटरपर्यंत जातो आणि पाच-सहा वर्षं जगतो. एवढ्याशा जिवाला हे आयुष्य फार झालं. आणखी एक गंमत, उपास घडला की तो नुसता रोडावत नाही, कात टाकून आकारानेच लहान होतो. त्यामुळे लांबी मोजून वय सांगायला जाल तर फसाल. 'क्रिल' हा शब्द नॉर्वेचा, माशाच्या बारीक पिल्लांसाठी तिथे वापरत.

फॉर्मॅलिनमध्ये रंग टिकत नाही. आमचा क्रिल वर्षभरात पांढराफटक पडला. ज्या लाल रंगासाठी या गोळीची जाहिरात करतात, तो अ‍ॅस्टाझँथिन. शेवाळ खाऊन मिळालेल्या रंगद्रव्यापासून तो क्रिलच्या अंगात तयार होतो. गोळी हातात घेतली तेव्हा आमच्या बाटलीतून गेलेला रंग इतक्या वर्षांनी पुन्हा दिसला.

दुसऱ्या बाटलीत काय आहे हे पहिल्या नजरेला कुणालाच कळायचं नाही. "रिकामी आहे का?" असं विचारायचे. नीट उजेडासमोर धरली की प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा तरंगावा तसं काहीतरी, त्यावर पिंपाला कड्या असाव्यात तसे स्नायूंचे पट्टे, आणि एका टोकाला तपकिरी ठिपका. तो ठिपका म्हणजे त्याचं पोट. दक्षिण महासागरातला हा सॅल्प, साल्पा थॉम्पसोनी. जेलीफिशसारखा दिसतो, पण आहे तुमच्या-आमच्या बाजूचा, पृष्ठरज्जूवाल्या प्राण्यांच्या कुळातला. कोळंबी-जवळ्यापेक्षा माणसाला जवळचा. हे सांगितलं की पोरांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे.

या दोन बाटल्या कपाटात शेजारी-शेजारी होत्या आणि समुद्रातही ते शेजारीच आहेत. दोघांचंही अन्न एकच, पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ. जेवायची तऱ्हा मात्र निराळी. क्रिल पुढच्या पायांच्या केसाळ टोपलीत पाणी धरून गाळतो. डायटम नावाच्या शेवाळासारख्या जरा मोठ्या पेशी त्याला चांगल्या मिळतात, अगदी बारीक पेशी निसटतात. सॅल्पच्या पोकळ अंगात चिकट पदार्थाची जाळी असते. पंपासारखं पाणी आत-बाहेर करत तो पुढे सरकतो आणि वाटेत येईल ते गिळतो, मायक्रॉनभर कणसुद्धा. ज्याला पुरणाच्या चाळणीतून काढलेलं चालतं तो क्रिल, आणि वस्त्रगाळ लागतं तो सॅल्प. पण सॅल्पचीही अडचण आहे. अन्न फार दाट झालं की त्याची जाळी तुंबते. त्यामुळे भरल्या ताटावर क्रिल आणि पातळ आमटीवर सॅल्प, अशी वाटणी होती.

बर्फ कमी झाला की ती वाटणी मोडते. क्रिलची मादी उन्हाळ्यात अंडी सोडते. ती शेकडो मीटर खोल बुडतात, खाली फुटतात आणि पिल्लं पोहत वर येतात. वर पोचेपर्यंत अंगची शिदोरी संपलेली असते. मोठा क्रिल हिवाळा उपाशी काढू शकतो, पिल्लं नाही. त्यांना समुद्रावर गोठलेल्या बर्फाच्या पोटाला चिकटलेलं शेवाळ खरवडून खायला लागतं. बर्फ त्यांचं छप्परही आणि ताटही. ज्या वर्षी बर्फ उशिरा धरतो आणि लवकर सुटतो, त्या वर्षीची पिल्लावळ हिवाळ्यातच खपते. शिवाय अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या, म्हणजे अंटार्क्टिकाचा जो सुळका दक्षिण अमेरिकेच्या दिशेने गेलाय त्याच्या, किनाऱ्याला बर्फ वितळून गोडं पाणी वर साचलं की डायटमच्या जागी क्रिप्टोफाइट नावाच्या बारीक पेशी वाढतात. त्या क्रिलच्या टोपलीतून निसटतात, सॅल्पच्या जाळीत बरोबर अडकतात.

सॅल्पला बर्फ लागत नाही, आणि माळ काढायला जोडीदारही लागत नाही. एकटा सॅल्प स्वतःच्या अंगातून नव्या सॅल्पांची माळच्या माळ काढतो, शंभराहून जास्त मण्यांची, सगळे एकसारखे. माळेतला प्रत्येक जण मग एकेक पिल्लू वाढवतो, ते पुन्हा एकटं, पुन्हा माळ काढणारं. पाणी जरा उबदार आणि मोकळं मिळालं की एका उन्हाळ्यात समुद्र भरून टाकतो. क्रिलला मोठं व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. तेव्हा याला लढाई म्हणू नये असं मला वाटतं. एका भाडेकरूला घर परवडेनासं झालं, दुसरा सामान घेऊन दारातच उभा होता, असं ते आहे.

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिम बाजूला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हवा सुमारे ३ अंशांनी तापली. २०२३च्या सप्टेंबरात, म्हणजे तिथला बर्फ सगळ्यात जास्त असतो तेव्हा, तो १ कोटी ७० लाख चौरस किलोमीटरपेक्षाही कमी भरला. १९७९ पासून उपग्रह मोजतायत, त्यात इतकं कमी कधी नव्हतं. २००४ साली अ‍ॅटकिन्सन नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९२६ पासूनच्या जाळ्यांच्या नोंदी एकत्र करून लिहिलं, की नैऋत्य अटलांटिककडच्या भागात क्रिल घटला आणि दक्षिणेकडे सॅल्प वाढले. २०१९ मध्ये त्यांनीच दाखवलं, की गेल्या नव्वद वर्षांत क्रिलचं ठाणं सुमारे ४४० किलोमीटर दक्षिणेला सरकलं.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण कंपन्या तीच सांगतात. २०१८ मध्ये दुसऱ्या एका गटाने त्याच नोंदी पुन्हा चाळून म्हटलं, १९७६ नंतर क्रिल घटल्याचा पुरावा दिसत नाही. दोन्हीकडे शहाणी माणसं. मला यात नवल वाटलं नाही. भाट्याच्या खाडीत एकाच दिवशी, एकाच जागी, दोन वेगळ्या जाळ्यांनी आम्ही दोन वेगळे समुद्र वर काढलेत. तोंड रुंद की अरुंद, जाळी किती बारीक, रात्री ओढलं की दिवसा, यावर आकडा हलतो. १९२६ सालचं जाळं, सत्तरच्या दशकातलं रशियन जाळं आणि आजचं जाळं एका ओळीत बसवायचं म्हणजे शेर, पायली आणि किलोचा हिशेब एका वहीत मांडणं. सॅल्पचं तर विचारूच नका. जाळ्यातच फुटतो, बादलीत लगदा होतो, मोजणाऱ्याने ठिपके मोजायचे. भांडण अजून मिटलेलं नाही. पण ठाणं दक्षिणेला सरकलंय आणि पिल्लांना हिवाळी बर्फ लागतो, हे वाचून माझा तरी कौल ठरलेला आहे.

सॅल्प वाढले तर बिघडलं कुठे, हा प्रश्न सुनेने फोनवर विचारला. रास्त आहे. सॅल्प म्हणजे शंभरातले पंच्याण्णव भाग पाणी. काही मासे आणि पक्षी खातात त्याला, आधी वाटायचं त्याहून जास्त प्राणी खातात असं आता दिसतंय. पण पिल्लाला भरवायला चोचीत पाणी घेऊन येणाऱ्या पेंग्विनला फेऱ्या किती घालाव्या लागतील? क्रिलमध्ये तेल आहे. म्हणून तर देवमासा मागे आहे, पेंग्विन मागे आहे आणि आपणही बाटली घेऊन मागे आहोत. सॅल्पच्या तेलाची गोळी कुणी काढणार नाही, त्यात काढण्यासारखं काही नाही. एक गोष्ट त्याच्या बाजूची आहे, त्याची विष्ठा मोठी, जड आणि भरपूर असते, म्हणून वाटायचं की तो जास्त कार्बन तळाला नेत असेल. २०२१च्या एका अभ्यासात द्वीपकल्पाजवळ मोजलं, तर सॅल्पचा बराच माल वरच्या वरच विरून गेला आणि खाली पोचताना दोघांची बरोबरी झाली.

असाच खेळ उत्तर ध्रुवाकडे चालू आहे, पात्रं तेवढी वेगळी. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांच्या बाजूला कॅलॅनस ग्लेशियालिस नावाचा टपोरा, चरबीने फुगलेला प्राणिप्लवक आणि अटलांटिकच्या उबदार पाण्याबरोबर वर येणारा त्याचाच बारीक भाऊ कॅलॅनस फिनमार्किकस. भावाच्या अंगात तेल कितीतरी कमी. तिथला लिटल ऑक नावाचा पक्षी टपोरा दाणा वेचून पिल्लाला नेतो, त्याच्या पुढ्यात आता कणी येते. आणि हो, त्या बारीक भावाचं तेलही नॉर्वेत निघतं, तसंच लाल, तसंच गोळीत भरलेलं. दुकानदार उद्या तेही दाखवेल.

तर 'शाश्वत' या शब्दाकडे येते. कंपनीच्या मदतकेंद्राला मी ईमेल केला. एकच प्रश्न, हा क्रिल कुठल्या उपक्षेत्रात पकडला? अंटार्क्टिकाच्या सागरी जीवसंपत्तीचा आयोग टास्मानियात होबार्टला आहे, भारत त्याचा सदस्य आहे. त्याने समुद्राचे नंबर पाडलेत. क्रिलची मासेमारी चालते ते ४८ नंबरचं क्षेत्र, आणि त्यातलं ४८.१ म्हणजे द्वीपकल्पाची बाजू, जिथे पाणी सगळ्यात झपाट्याने बदलतंय. तीन ईमेल गेले. तिन्हींना एकच उत्तर, "आमची उत्पादने जबाबदार स्रोतांतून घेतली जातात. तुमच्या विश्वासाबद्दल आभार." दुसऱ्या उत्तरासोबत दहा टक्के सवलतीचं कूपन होतं. कोळणीला "बांगडा कुठला गं?" विचारलं तर ती बंदराचं, होडीचं आणि कधी कधी तांडेलाच्या बायकोचंही सांगते. १,८५० रुपयांच्या बाटलीला तेवढंही सांगता येत नाही.

कंपन्यांचा हिशेब असा असतो: २०१९च्या पाहणीत ४८ नंबरच्या क्षेत्रात सुमारे ६ कोटी २६ लाख टन क्रिल भरला, पकडायची मर्यादा ६ लाख २० हजार टन. म्हणजे शंभरातला एक. आकडा खरा आहे. पण जिल्ह्यात पाणी मुबलक असून सगळे टँकर एकाच विहिरीवर लागले तर त्या गावाचं काय होतं, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. म्हणूनच ही मर्यादा चार उपक्षेत्रांत वाटून देणारा नियम होता, ४८.१ मध्ये १ लाख ५५ हजार टनांपलीकडे नाही. २०२४च्या होबार्टच्या बैठकीत देशांचं एकमत झालं नाही आणि तो नियम गळून पडला. पुढच्याच हंगामात, २०२५ मध्ये, ६ लाख २० हजारांची मर्यादा पहिल्यांदाच पुरी झाली. हंगाम नोव्हेंबरअखेरपर्यंत असतो, तो ऑगस्टातच बंद करावा लागला. म्हणजे मर्यादेने आपलं काम केलं, हेही म्हटलं पाहिजे. पण बोटी कुठे गोळा झाल्या? द्वीपकल्पाजवळच. पेंग्विन आणि देवमासे जिथे जेवायला येतात तिथेच.

आमच्याकडे जून-जुलैत होड्या वर ओढून ठेवतात. त्यावरून दरवर्षी भांडणं होतात, चोरूनही जातात, पण मासळीला वीण काढायला वेळ द्यायचा असतो एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि आमच्या मासळीला डोक्यावर बर्फाचं छप्पर लागत नाही.

या पकडीतला बराच क्रिल गोळ्यांत जातच नाही, मत्स्यशेतीतल्या माशांच्या खाद्यात जातो. तेव्हा एक बाटली न घेतल्याने पेंग्विनची पंगत वाढेल, अशा भ्रमात मी नाही. माझी तक्रार साधी आहे. जे ठाऊक नाही किंवा सांगायचं नाही, ते लेबलावर मोठ्या अक्षरात छापू नये.

गुण द्यायचे तर गोळीला चार स्टार. आकार, रंग, पोटाला सोसणं, सगळं चांगलं. किमतीला दोन. मदतकेंद्राला शून्य द्यायचं होतं, इथे शून्याची सोय नाही म्हणून एक. सगळे मिळून दोन. पॅकिंग मात्र उत्तम होतं, पावसातून आलं तरी आत थेंब नाही. सुनेला सांगितलं, पुन्हा पाठवू नकोस. ओमेगा-३ हवंच असेल तर आमच्याकडे बांगडा आणि तारली मिळतात, आणि डॉक्टर म्हणाले तर माशाच्या तेलाची गोळी आहेच.

हे मी लिहायला बसले तेव्हा बाटलीत अकरा गोळ्या उरल्या होत्या. टाकून द्यायचं माझ्या मनात आलं, पण हे म्हणाले, "तो क्रिल आता परत थोडाच पोहणार आहे?" संपवल्या त्यांनी.